मीटर कारखान्याचा इतिहास मी लिहिला

आमच्या विजेच्या मीटरच्या कंपनीला पन्नास वर्षं झाली, तेव्हा स्मरणिकेसाठी इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी टेस्टिंगचा सुपरवायझर. गेटजवळच्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचो, एवढंच माझं साहित्य. पण वासरांत लंगडी गाय शहाणी.

सहा महिने मी त्यात बुडालो होतो. मालकांनी बुधवार पेठेत एका जिन्याखाली मीटर दुरुस्त करायला सुरुवात केली, मग येरवड्याच्या पुढे शेड घेतली, चकतीचे मीटर जाऊन इलेक्ट्रॉनिक आले, शेवटी एका मोठ्या उद्योगसमूहाने कंपनीच विकत घेतली आणि ऑफिस हिंजवडीला काचेच्या इमारतीत गेलं. सगळं नीट लिहून झालं, पण वाचताना कोरडं वाटायला लागलं. म्हणून असेंब्लीतल्या बायकांवर एक परिच्छेद घातला.

त्या सगळ्या कंत्राटी. त्यांतल्या एक बाई यवतमाळकडच्या, अठरा वर्षं माझ्या टेबलासमोर बसल्या. चिमट्यात चकती धरून, श्वास रोखून जागेवर बसवायच्या. त्यांच्या हातचा मीटर मी कधी परत पाठवल्याचं आठवत नाही.

दर सहा महिन्यांनी कंत्राटदार या बायकांना पंधरा दिवस घरी बसवायचा आणि नव्या कागदावर परत घ्यायचा. सलग नोकरी दिसायला नको, म्हणून. त्याला आम्ही ‘ब्रेक’ म्हणायचो. मला हे ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण समारंभाच्या पुस्तकात असलं कोण लिहितं? मी लिहिलं, ‘वर्षातून दोनदा या भगिनी माहेरी जाव्यात तशा जात आणि हसतमुखाने परत येत.’ व्यवस्थापकांनी हे वाक्य स्टेजवरून वाचलं. टाळ्या पडल्या. घरी जाऊन मी ते बायकोलाही वाचून दाखवलं. आज सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पुढे स्मार्ट मीटर आले, ते दुसरीकडे बनू लागले. शेड बिल्डरला गेली आणि बायकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या कामगार कोर्टात गेल्या. आम्ही सलग काम केलंय, आम्हाला कायम कामगार माना, एवढीच त्यांची मागणी. कंपनीच्या वकिलांनी माझं पुस्तक पुढे केलं. बायका आपल्या मर्जीने जात-येत होत्या, हे कंपनीच्याच माणसाने लिहून ठेवलंय म्हणाले.

मी तोवर निवृत्त झालो होतो. त्या यवतमाळकडच्या बाई माझ्या घरी आल्या. खुर्चीवर बसल्यासुद्धा नाहीत.

“काऊन साहेब, तुम्हाला तर ठाऊक होतं ना सगळं?”

मी बायकांच्या बाजूने साक्षीला उभा राहिलो. ब्रेक सक्तीचा होता, असं स्पष्ट सांगितलं. कंपनीच्या वकिलांनी पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं.

“हे वाक्य आपलंच ना?”

“हो.”

“मग आपण खोटं कधी बोललात? तेव्हा, की आत्ता?”

“ते जरा... लिहिण्याच्या ओघात...” मी म्हणालो. मागे कुणीतरी हसलं. मला तिथल्या तिथे धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

निकालाआधी मी त्या वाक्याचं एक शुद्धिपत्र लिहिलं. कंपनीने ते छापावं, निदान शिक्का मारून द्यावं, म्हणून तीनदा बसने हिंजवडीला गेलो. दोनदा गेटवरूनच परत पाठवलं. तिसऱ्यांदा रिसेप्शनवरच्या मुलीने कागद घेतला. “ओके अंकल, फॉरवर्ड करते,” म्हणाली. मी तिच्यासमोर हात जोडले. ती बिचारी गोंधळून उभी राहिली.

दावा फेटाळला गेला. बायकांकडे दाखवायला होते ते कंत्राटदाराचे तुटक कागद. त्यांच्या कामाबद्दल सलग लिहिलेलं असं काही असलंच तर माझं पुस्तक, आणि ते त्यांच्याच विरुद्ध गेलं.

महिन्याभराने बाई पुन्हा आल्या. आता मात्र बसल्या. पिशवीतून एका पॅकिंग कारखान्याचा छापील अर्ज काढला आणि म्हणाल्या, “तुमचं लिहिणं चांगलं आहे, भरून द्या.”

नाव लिहिलं. पत्ता लिहिला. अनुभवाच्या रकान्याशी आल्यावर मी मान वर न करता विचारलं, “किती वर्षं लिहू?”

“कोर्टात सिद्ध झाली तेवढी लिहा,” त्या म्हणाल्या.