आईच्या काठ्या आणि अण्णांचं तेल

आमचे अण्णा नवी वस्तू विकत घेत नाहीत. हा कंजूषपणा नव्हे, असं ते म्हणतात. त्यांच्या मते नव्या वस्तूत काय खोट आहे ते कुणालाच माहीत नसतं; जुनी चार जणांच्या हाताखालून गेलेली असते, तिचे सगळे गुण उधळून झालेले असतात. त्यामुळे निगडीच्या ओटास्कीममधल्या आमच्या घरातला पंखा, मिक्सर, शिलाई मशीन, सगळंच कुणाच्या तरी घरून निवृत्त होऊन आलेलं. माझं लग्न ठरवताना आई त्यांना म्हणाली होती, "जावई तेवढा नवा बघा."

अण्णांचं नाव बबनराव. केजहून आले ते चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला चिकटले आणि दोन वर्षांपूर्वी तिथूनच रिटायर झाले. मशीन बंद पडली की अण्णांना बोलावणं यायचं. पाटावरून उठून गेलेले अण्णा मी कितीदा तरी पाहिलेत. आई तुळजापूरला गेली, शेगावला गेली, गाणगापूरला गेली, पण दरवेळी शेजारणींबरोबर. अण्णांना सुट्टी मिळायची नाही, आणि मिळाली की नेमका ब्रेकडाऊन व्हायचा.

माझा धाकटा भाऊ सुजित कित्येक वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होता. आईनं दत्ताला नवस बोलला, पोरगा परमनंट झाला तर गिरनार पायथ्यापासून पायी चढीन. गेल्या दिवाळीत सुजितच्या हातात ऑर्डर पडली. पण तोवर कँटीनमध्ये उभ्यानं पोळ्या लाटून आईच्या गुडघ्यांनी राम म्हटला होता. डॉक्टर म्हणाले, जायचंच असेल तर दोन्ही हातांत काठ्या हव्यात, त्याही लांबआखूड होणाऱ्या. चढताना आखूड, उतरताना लांब.

सुजित म्हणाला, रोपवे आहे. यात्रेची बस काढणारे अर्जुनराव म्हणाले, डोली आहे.

"डोलीवाले माणूस काट्यावर तोलून दर सांगतात म्हणं," आई म्हणाली. "मी काय ज्वारीचं पोतं हाय? बोलले ते पायी बोलले. देवानं त्याचं काम केलं, आता मी पळवाट काढू व्हय?"

मला मात्र तिनं खरं सांगितलं. नवस मोडला तर पोराच्या नोकरीला काहीतरी होईल, ही भीती तिला झोपू देत नव्हती. दुसऱ्या कुणाच्या अशा भीतीला हसता येतं, पण आपलीच आई असली की हसू येत नाही.

काठ्यांची जबाबदारी अण्णांनी घेतली. दुकानातल्या नव्या काठ्या त्यांनी नुसत्या लांबून पाहिल्या आणि मला फोनवर जुन्या शोधायला बसवलं. वाकडच्या साक्षी नावाच्या मुलीनं जोडी विकायला काढली होती. हिमालयात एकदाच नेलेली. आम्ही तिच्या टॉवरपाशी पोचलो तर वॉचमननं विचारलं, "डिलिव्हरी?"

"द्यायला न्हाई, घ्यायला आलोय," अण्णा म्हणाले. वॉचमनच्या वहीत असा रकाना नव्हता.

साक्षीच्या हॉलमध्ये अण्णांनी एक डोळा मिटून काठ्यांचा बाक पाहिला, नखानं टिचक्या मारून आवाज ऐकला, तिन्ही नळ्या ओढून आतबाहेर करून बघितल्या. बिचारीनं दोनदा चहा विचारला. शेवटी अण्णा म्हणाले, "माल चोख हाय, पण सांधे लई कोरडे ठेवलेत तुम्ही." साक्षीला वाटलं कौतुक चाललंय, ती छान हसली.

घरी आल्याआल्या अण्णांनी काठ्या खोलल्या आणि सांध्यासांध्यात मशीनचं तेल सोडलं. आयुष्यभर त्यांनी तेच केलेलं. जे सरकतं त्याला तेल. काठ्या अशा सरसर सरकायला लागल्या की अण्णा शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होते. मीही वाहवा केली, खोटं कशाला बोलू.

रविवारी घोरावडेश्वराच्या डोंगरावर ट्रायल घेतली. आई झोकात निघाली. निम्म्यावर तिनं उजव्या काठीवर भार दिला आणि काठी गपकन आपल्याच पोटात शिरली. आई पायरीवर आपटली, कोपर सोलवटलं. बसल्या जागी पदर सारखा करत म्हणाली, "दत्ताला मंजूर न्हाई. पिंके, अर्जुनरावाला डोली सांग."

मी तिथूनच साक्षीला फोन लावला. माझं तोंड सुटलं की सुटतं. भंगार आमच्या गळ्यात मारलंस इथपासून सुरुवात केली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "ताई, आत तेल वगैरे घातलंय का? त्या काठ्या घट्ट बसतात त्या कोरड्या असतात म्हणून. तेल लागलं की पकड सुटते."

फोन स्पीकरवर होता. अण्णा एवढे कावरेबावरे झालेले मी कधी पाहिले नव्हते. कंपनीनं तसं काठीवर लिहायला पाहिजे होतं, असं आधी पुटपुटले. मग आईशेजारी पायरीवर बसले.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "काठ्या चांगल्या हायेत."

हे वाक्य त्यांच्या तोंडून आईनं संसारात पहिल्यांदा ऐकलं असावं. तिनं नुसतं कोपर पुढं केलं आणि अण्णांनी त्यावर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नळ्या भांड्यांच्या साबणानं धुतल्या, स्पिरिटनं पुसल्या, गच्चीवर उन्हात वाळवल्या. मग दोन्ही काठ्यांवर सगळा भार टाकून जिना चढून दाखवला, उतरून दाखवला. काठ्या हलल्या नाहीत. आई दारातून बघत होती, पण काठीला हात लावेना.

"मी बी येतो बरोबर," अण्णा म्हणाले. "वाटंत काय बिघडलं तर मेंटेनन्सचा माणूस पाहिजे."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सुट्टी मिळंल का?"

दोन वर्षं झाली होती रिटायर होऊन. आम्ही कुणीच हसलो नाही. मान खाली घालून अण्णा म्हणाले, "मिळंल." आईनं पुढं होऊन काठ्या हातात घेतल्या.

ती दोघं गिरनारला असताना मी ताथवड्याच्या कॉलेजात ऑफिसमध्ये फायली चाळत बसले होते, पण लक्ष फोनकडे. अखेर वाजला. दर्शन करून खाली कमंडलू कुंडापाशी प्रसादाला बसलेत, आई सांगत होती. आवाज नुसता खणखणीत.

"काठ्या टिकल्या का?" मी विचारलं.

"टिकल्या की. अंबाजीच्या देवळाच्या पुढं तुझ्या अण्णांचे पाय गेले. मुंग्या आल्या, गोळे आले, पायरीवर बसले ते उठंनात. तू जा म्हणले, मी बसतो हितंच."

"मग?"

"मग काय, एक काठी त्यांना दिली, एक मला ठेवली. इतकी वर्षं त्यांच्याबिगर जात आले, आता बरोबर आणलंय तर अर्ध्यात सोडून जाऊ? दत्ताच्या पायाशी घातलं आणि मगच बसू दिलं."

मी म्हटलं, अण्णांना फोन दे. पलीकडून बराच वेळ नुसतं धापा टाकणं ऐकू आलं, आणि त्या धापांमधून अण्णा म्हणाले, "पोरी, तुझी आई लई चालती गं. मला म्हाईतच नव्हतं."