तब्येत फिट, फक्त दारू

भिशीला मैत्रिणी दर वेळी विचारतात, "तुझ्या कामावर दिवसभर नुसती रडारड असेल ना गं?" मी म्हणते, आधी चहा टाका, मग सांगते. चंदनसारच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी अकरा वर्षं सिस्टर आहे. लोकांना वाटतं, इथे फक्त दारू सोडवतात. अगं, दारू बाजूला झाली की तिच्यामागे दडलेले बीपी, शुगर, दात, लिव्हर एकेक करून हजेरी लावतात. आणि प्रत्येक जण येताना एक किस्सा घेऊन येतो. ते काही केसपेपरवर लिहिता येत नाहीत, मग साठतात माझ्याकडे.

*

अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर एक रकाना असतो, 'इतर आजार'. तिथे सगळे बिनधास्त 'नाही' लिहितात. एव्हरशाईन सिटीतले सावंत साहेब तर वर म्हणाले, "सिस्टर, तब्येत एकदम फिट. फक्त दारू."

बीपी घेतलं. एकशे नव्वद!

"मशीन बिघडलंय तुमचं," साहेब म्हणाले. मी तोच पट्टा शेजारी बसलेल्या त्यांच्या मिसेसच्या दंडाला बांधला. एकशे वीस.

"बघा. म्हणजे घरात टेन्शन फक्त मला आहे."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "सिस्टर, माझं परत एकदा घ्या. आता वाढलं असेल."

*

एक रिक्षावाला दहाव्या दिवशी गाल धरून भांडायलाच आला. दारू सोडल्यापासून दाढ ठणकते, तुमच्या गोळ्यांचा साईड इफेक्ट आहे म्हणे. डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं. "अरे, ही चार-पाच वर्षांपासून किडलीय. तू शुद्धीवर यायची वाट बघत होती बिचारी."

*

राजोडीचे भास्करकाका आले तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. मासेमारीचा गळ त्यांच्या तळपायात रुतला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. घरी गेल्यावर मुलाने बघितला. दारूने पायाच्या नसा पार बधिर झालेल्या. जखम भरत आली, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पायाला कळायला लागत नाही तोवर होडीवर जायचं नाही." काकांचा चेहरा पडला. होडी सोडून त्यांना दुसरं काही येतच नाही.

मग रोज आमची कापसाची परीक्षा. काकांनी डोळे मिटायचे, मी तळव्याला कापूस टेकवायचा, कळलं की सांगायचं. काका झोकात सांगायचे, "कलला... कलला... आता बी कलला."

मला शंका आली. एक दिवस मी कापूस हातातच धरून नुसती बसून राहिले.

"कलला," काका म्हणाले.

"काका, कापूस माझ्या हातात आहे."

त्यांनी एक डोळा उघडला. "मंग पायाला कोनी लावला?"

असली तळपायाची आग मस्तकात गेली माझी! "खोटं कशाला बोलता?"

काका पायाकडे बघत म्हणाले, "नाय बोललो तं होडी जाईल ना, सिस्टर." माझा राग तिथेच विरघळला. वाईट वाटलं फार.

*

तेवढ्यात सावंत साहेबांनी पराक्रम केला. रविवारी घरी जाऊन आलं की आमच्याकडे लघवी तपासतात. साहेबांनी घरी हळूच एक बिअर मारलेली. म्हणून त्यांनी आमचे आचारी दिनूभाऊ यांना गळ घातली आणि त्यांची बाटली स्वतःची म्हणून दिली. दिनूभाऊ कुणाला नाही म्हणत नाहीत.

रिपोर्टमध्ये दारूचं नाव नाही, पण साखर भरपूर. डॉक्टर गंभीर झाले. "सावंत, गोड बंद, भात अर्धा, इन्सुलिनचं इंजेक्शनही लागेल बहुतेक." इंजेक्शन म्हटल्यावर साहेबांना घाम फुटला. "डॉक्टर, ती माझी नाही. दिनूभाऊंची आहे."

दिनूभाऊंचं रक्त तपासलं. शुगर साडेतीनशे. वर्षानुवर्षं सगळ्यांना पथ्याचं करून वाढणारा माणूस, स्वतः चहात तीन चमचे टाकायचा.

सावंत साहेबांना डॉक्टर म्हणाले, "या खेपेला तुमच्या लबाडीने एकाचं भलं झालं. परत जमणार नाही. आमच्याकडे आचारी एकच आहे."

*

भास्करकाका घरी गेले तेव्हाही पाय तसाच होता. नसांना वेळ लागतो, दारूला शिवू नका, डॉक्टरांनी बजावलं. होडी बंदच. मुलगा एकटाच समुद्रात जायचा.

पाच महिन्यांनी सकाळी बघते तर काका गेटमधून लंगडत येतायत. मी धावतच पुढे गेले. आता पायाला काय करून घेतलं? बाकावर बसवलं, पाय मांडीवर घेतला, चप्पल काढली. जखम नाही, सूज नाही. चपलेतून एक बारीकसा खडा खाली पडला.

"अहो, एवढा टोचत होता तर काढायचा नाही का? कधीपासून आहे हा?"

काकांचे डोळे भरून आले होते आणि काका तोंडभर हसत होते.

"विरार टेसनपासून, सिस्टर. काढावासाच नाय वाटला."