वयाचे गुण शून्य

छावणीच्या बाजारात काकासाहेबांना सगळे ओळखायचे, ते त्यांच्या तक्रारींमुळं. वय अठ्ठेचाळीस, वाळूजच्या कारखान्यात स्टोअरकीपर. मूलबाळ नव्हतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, रस्ते खड्ड्यात, माणसं भिकार. तेव्हा देश सोडायचा हे त्यांचं पक्कं होतं. कोणत्या देशानं त्यांना घ्यावं, एवढंच ठरायचं होतं.

बायकोला, आशाबाईंना घेऊन ते उस्मानपुऱ्यात व्हिसाचं काम करणाऱ्या एका ऑफिसात गेले. तिथल्या मॅडमनी कागद चाळले.

"पंचेचाळिशीनंतर कॅनडा वयाचे गुण देत नाही. तुमचे शून्य."

"दुसरं काय करता येतं?"

"काही कोटी गुंतवता का? नाहीतर तिथल्या कॉलेजात नाव घाला. नाहीतर शेतमजुरीचा व्हिसा असतो, टमाटे तोडायचा."

"टमाटेच तोडायचे असते तर आमचं गंगापूर काय वाईट होतं?" काकासाहेब तडकले.

मॅडम आशाबाईंकडं वळल्या. "तुम्ही काय करता?"

आशाबाई एकोणीस वर्षं आयसीयूत नर्स होत्या. वय एकेचाळीस. मॅडमनी फॉर्म सरळ त्यांच्यापुढं सरकवला. "अर्ज ताईंच्या नावानं करू. साहेब डिपेंडंट."

घरी आल्यावर काकासाहेबांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "डिपेंडंट म्हंजे गं?"

"मी नेईन तिकडं यायचं."

इंग्रजीची परीक्षा दोघांनी दिली. आशाबाई पोळ्या लाटताना शब्द पाठ करायच्या. काकासाहेबांना अभ्यासाची गरज वाटली नाही. तोंडी परीक्षेत विचारलं, तुमच्या शहरातली आवडती जागा सांगा. दोन मिनिटांत त्यांना दौलताबादचा किल्लासुद्धा आठवला नाही.

आशाबाईंचे कागद मंजूर झाले आणि काकासाहेब एकदम देशभक्त झाले.

"आपली माती सोडून मी नाय येणार."

"मग ऱ्हावा. मी जाते."

"एकटी?"

"रातपाळ्यांना काय तुम्ही यायचे व्हय सोबतीला?"

आशाबाई गेल्या. काकासाहेबांनी बाजारात सांगितलं, सरकारनं तिला ट्रेनिंगला पाठवलंय. नवऱ्याला बोलवायचे कागद आशाबाईंनी लगेच धाडले, ते टीव्हीखाली पडून राहिले. आठ महिने खानावळीची पातळ आमटी खाल्ल्यावर मातीचं प्रेम जरा ओसरलं. काकासाहेबांनी सही केली.

कॅनडाच्या विमानतळावर आशाबाई घ्यायला आल्या. गाडी त्याच चालवत होत्या. बाहेर बर्फ.

"सावकाश चालव," काकासाहेब म्हणाले. "तुला इथले रस्ते म्हाईत नसतील."

"पट्टा लावा."

त्यांना तो लागेना. आशाबाईंनी गाडी कडेला घेतली, वाकून पट्टा लावून दिला आणि पुन्हा रस्त्याला लागल्या.