बॉयलर रूमच्या दारातले बूट

एडिसनहून, मेव्हण्याच्या घरून निघताना गाडीत हीटर लावला होता, तरी माझे हात गारच.

"दाजी, इतकं टेन्शन कसलं? जुनी बोट तर आहे, यार!" गाडी चालवता चालवता अरविंद म्हणाला. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, अठरा वर्षं अमेरिकेत मुरलेला. त्याला काय जातंय बोलायला! मी मुंबईच्या गोदीत तीस वर्षं बोटींची यंत्रं तपासली, पण बंद बोटीच्या पोटात शिरताना अजूनही छाती धडधडते. हे बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

बोट दिसली. दोन धुराडी, अंगभर गंजाचे ओघळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसं समुद्रापार नेणारी ही आगबोट आता नदीच्या धक्क्याला बांधून ठेवली होती. काही हौशी मंडळींना तिच्यात पुन्हा वाफ भरायची होती. बॉयलर तेवढा दाब सोसतील का, हे मी पाहून सांगायचं. "पाच वाजता पिकअप करतो," म्हणून अरविंद ऑफिसला गेला.

बोटीवर माणूस एकच, राखणदार फ्रँक. वय सत्तरीचं, तरुणपणी अशाच बोटींच्या भट्ट्यांत कोळसा मारलेला, तिथल्या आवाजाने कानाने अधू. त्याने पाण्यासारखी कॉफी दिली, मी मेथीचे पराठे आणि ठेचा पुढे केला. ठेच्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी गड्याने दुसरा मागून घेतला.

खाली इंजिन पाहिलं. तीन मजले उंच! पितळेवर अजून झळाळी. एकेका दांड्यावर हात ठेवताना क्षणभर भीतीही विसरलो. मग बॉयलर रूम. आमच्या गोदीत रिवाज असा, की बॉयलरमध्ये शिरायचं तर बूट दारात काढायचे. तळव्याचा खिळा-खडा आत जात नाही, आणि बूट दिसले की आत माणूस आहे हे सगळ्यांना कळतं. ते तिथे असेपर्यंत दाराला कोणी हात लावत नाही. तसे मी लोखंडी दाराच्या उंबरठ्यावर बूट काढले आणि मॅनहोलमधून (माणूस जेमतेम शिरेल एवढं लंबगोल भोक) आत सरपटलो. झाकणं दोन दिवस उघडी होती, हवा खेळती होती. हातोडीने एकेक नळी ठोकत मी पार पलीकडे गेलो.

आणि बाहेरचे दिवे गेले. पाठोपाठ धाडकन् आवाज.

"फ्रँक!" मी ओरडलो. माझाच आवाज माझ्यावर आदळला. टॉर्चच्या पिवळट उजेडात कसाबसा बाहेर आलो, तर लोखंडी दार बंद, बाहेरून अडसर घातलेला. पाचावर धारण बसली! दिवस शुक्रवार. फ्रँक आता सोमवारी येणार. दिवे गेले म्हणजे बोटीचा जनरेटर बंद, म्हणजे तळाचं पाणी उपसणारा पंपही बंद. पायमोज्यांना पाणी लागत होतं. ते खरंच चढत होतं की मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे. मी हातोडीने दार बडवलं. थांबून कान दिला. काही नाही. टॉर्च विझला, तसा मी लहान पोरासारखा रडलो. आई आठवली, बायको आठवली. नारायणा, इथे नको रे, एवढंच म्हणत राहिलो.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग दार करकरलं. उजेडात अरविंद, टाय सुटलेला, चेहरा पांढराफटक.

"दाजी! अहो दाजी, बोला ना काहीतरी!"

मी त्याचा कोट घट्ट धरला.

वर केबिनमध्ये कळलं ते असं. ट्रॅफिकमुळे अरविंद उशिरा पोचला. फ्रँक कुलूप लावून निघायच्या बेतात होता. म्हणाला, "तुमचे साहेब कधीच गेले. खाली हाक मारली, उत्तर नाही." इथले कामगार कामाचे बूट जागेवर ठेवून, दुसरे घालून घरी जातात. त्याला वाटलं, मीही तसाच गेलो, म्हणून त्याने जनरेटर बंद करून दाराला अडसर घातला. तेलकट पाण्यात चांगले बूट खराब होतील म्हणून त्या भल्या माणसाने ते उचलून वर आपल्या रॉकेलच्या हीटरपाशी ठेवले होते. ते अरविंदला दिसले, कुठून उचलले ते कळलं मात्र, तो किंचाळला, "फ्रँक, आमच्यात बूट दाराशी म्हणजे माणूस आत!" आणि खाली धावत सुटला.

फ्रँक भिंतीला टेकून "माय गॉड, माय गॉड" करत होता. त्याला काय बोलणार? चूक माझी. मी आत चाललोय, हे दोन शब्द त्याला सांगायला मला काय धाड भरली होती? माझ्या इंग्रजीची लाज वाटली, दुसरं काय.

अहवालात मी खरं तेच लिहिलं: इंजिन उत्तम, बॉयलरना वाफ देऊ नये.

घरी परतल्यावर बायकोने विचारलं, "कशी होती हो बोट?" "छान होती," म्हटलं. पण अरविंदने फोनवर तिला सगळं सांगितलं असावं. कारण हल्ली मी न्हाणीघराची कडी लावत नाही आणि ती त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. नुसती बाहेर पाटावर भाजी निवडत बसते, आणि मी बाहेर येईपर्यंत उगाचच माझ्याशी मोठमोठ्याने बोलत राहते.