तांबड्या खड्यातली चीर

धनत्रयोदशी, सन १९२७. रक्कम बारा रुपये. जागा सोलापूर, शुक्रवार पेठेतलं धोंडिराम सोनाराचं दुकान. हजर माणसं चार — मी, माझे अक्कलकोटचे व्याही, जावई आणि स्वतः धोंडिराम. जे घडलं ते चौघांनी पाहिलं. खरं काय होतं ते त्या दिवशी दोघांनाच कळलं होतं, आणि त्यातला एक आता नाही. ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, मुलीला नाही. देवापुढे बसूनसुद्धा मनातल्या मनात ती पुरती उच्चारलेली नाही. आज तुम्हाला सांगतो.

मी गिरणीत कापसाच्या गाठींची वजनं लिहितो. अठरा वर्षं लिहितो आहे. "अण्णांच्या तोंडून निघालं म्हणजे काट्यावरून उतरलं," असं लोक म्हणतात. पूर्वी हे ऐकून बरं वाटायचं. आता अंगाची आग होते. माणसाला गाठीचं वजन बरोबर लिहिता येतं म्हणून त्याचं सगळंच खरं असतं, हे यांना कोणी सांगितलं?

मला एक नाद आहे — दगडांचा. मंद्रूपला माझ्या मेहुण्यांची शेती आहे. तिथून पुढे नदीच्या पात्रात पाणी ओसरलं की गारगोट्या उघड्या पडतात. त्यांतल्या काही तांबड्या असतात, काही हिरव्या, मोहरीएवढ्या पिवळ्या ठिपक्यांच्या. आरपार दिसत नाहीत, पण घासल्या की लोण्यासारख्या गुळगुळीत होतात. इंग्रजी पुस्तकात यांना जास्पर म्हणतात. मंद्रूपचे लोक काहीच म्हणत नाहीत. त्यांच्या लेखी तो वहाणेत शिरणारा खडा. मोडक्या शिवणयंत्राच्या पायट्यावर मी साण, म्हणजे घासायचं फिरतं चाक, बसवून घेतली होती. दगडाचा तुकडा लाखेने बांबूच्या काडीवर चिकटवायचा, कुरुंदाच्या कठीण दगडाची पूड आणि पाणी घालून साणेवर धरायचा, हळूहळू फिरवत वरून घुमटासारखा गोल करायचा. पैलू नाहीत, कोपरे नाहीत. शेवटी चामड्यावर घासून जिल्हई द्यायची. रविवारी दुपारी हे चाले. बायको म्हणायची, "इतकं घासून माझी भांडी दिली असतीत, तर तोंड दिसलं असतं त्यांत."

मुलीचं लग्न झालं त्या वर्षी मला फार चांगला दगड मिळाला. गडद तांबडा, मधून हळदीच्या बोटासारखा एक पिवळा पट्टा. पहिला दिवाळसण होता. जावयाला अंगठी द्यायची होती. सोनं कोणीही देतं. मी ठरवलं, खडा माझ्या हातचा. व्याह्यांना तसं पत्रही लिहिलं. का लिहिलं? मोठेपणा. दुसरं काही नाही.

चार महिने लागले. मी वेळ लिहून ठेवत असे, सवयच ती. खडा तयार झाला, पट्टा बरोबर मध्यावर आला. आता फक्त काडीवरून सोडवायचा होता. त्यासाठी लाख दिव्यावर अगदी हळू ऊन करायची असते, मग खडा आपोआप सुटतो. मी घाई केली. ज्योत मोठी केली, खडा सुटला तसा बोटाला चटका बसला, आणि मी तो शेजारच्या पाण्याच्या वाटीत टाकला.

बारीक आवाज झाला. टिक् — एवढाच.

पुसून पाहिला तर एका बाजूला केसाएवढी चीर. पाण्यातून काढून सुकायला ठेवला की सगळा खडा सुकायचा आणि ती रेघ तेवढी ओली राहायची. म्हणजे चीर आत गेलेली. दिवाळीला तीन आठवडे होते. दुसरा दगड नव्हता, असता तरी वेळ नव्हता. मी लाखेत हिरमुजी, म्हणजे तांबड्या मातीचा रंग, कालवला, गरम सुईने ती लाख चिरेत भरली, वरून मेण चोळलं आणि पुन्हा जिल्हई दिली. या कामाला तीन तास लागले. तेही मी लिहून ठेवले. चीर दिसेनाशी झाली. इतकं सुबक काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल.

धनत्रयोदशीला दुपारी व्याही आणि जावई यांना घेऊन मी धोंडिरामकडे गेलो. अंगठी तयार होती. तिच्या कोंदणात लाख भरून, ती तापवून मऊ करायची, खडा दाबून बसवायचा आणि कडेचं सोनं वळवायचं, एवढंच राहिलं होतं. धोंडिराम माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. त्याने खडा उजेडात धरला, दोनदा फिरवला.

"झ्याक केलाय, अण्णा. चीर-बीर न्हाय न्हवं यात? नसंल तर आच देतो. असंल तर आत्ताच सांगा, बिनआचेचं बसवू. थोडं येडंवाकडं दिसंल, पर टिकंल."

वाट होती. पहा — त्याने मला वाट करून दिली होती. 'आहे' म्हटलं असतं तर काय झालं असतं? व्याह्यांच्या कपाळावर जरा आठी पडली असती. आणि त्याच वेळी व्याही हसून म्हणाले, "अहो, अण्णांच्या वस्तूत खोट शोधता?"

मी म्हणालो, "चीर नाही."

त्याने निखारा फुंकला. दोन-तीन फुंकराच. खडा तडकला आणि दोन तुकडे झाले.

आता जे सांगतो ते सांगायला मला सर्वांत जड जातं. मी खोटंखोटं रागावलो असतो तर आज हलकं वाटलं असतं. तसं नव्हतं. मला खराखुरा राग आला. चार महिन्यांची माझी मेहनत या माणसाने जाळली असं मला मनापासून वाटलं. ज्याने दिव्याची ज्योत मोठी केली तोच मी "आच किती द्यावी एवढंही कळत नाही?" असं दुकानाच्या दारात ओरडत होतो. रस्त्यावरची माणसं थांबली. चीर माहीत असलेला माणूस आणि ओरडणारा माणूस एकाच अंगात कसे मावले? मला अजून कळलेलं नाही, आणि कळून घेऊन त्याचा आडोसा करायची इच्छाही नाही.

धोंडिरामने तुकडे उचलले. तुटलेल्या बाजूवर, अर्ध्या खोलीपर्यंत, हिरमुजीच्या लाखेची रेघ होती. त्याने ती पाहिली. अंगठ्याने पुसली. मग माझ्याकडे पाहिलं. व्याही हातभरावर उभे होते. त्याने तुकडा पुढे केला असता तर माझं सगळं संपलं असतं.

त्याने मूठ मिटली. "व्हय," म्हणाला, "माझ्याच हातनं आच जास्त झाली."

तो घाबरला, असं मी त्या क्षणी मानलं. आणि घाबरलेल्या माणसाशी मी काय केलं? हिशेब केला. शहाऐंशी तास, तासाला दोन आणे, म्हणजे दहा रुपये बारा आणे. कुरुंद, लाख वगैरे एक रुपया चार आणे. एकूण बारा. त्या शहाऐंशी तासांत चीर बुजवण्याचे तीन तासही मी धरले होते. त्याने गल्ला उघडला आणि बारा रुपये मोजून दिले. मी ते घेतले. जावयाला पुढे साधी सोन्याची अंगठी दुसरीकडून केली.

इथवर एकट्या माझं पाप. पुढचं आम्हा सगळ्यांचं. व्याह्यांनी ही गोष्ट अक्कलकोटला सांगितली, इथे नातेवाइकांत सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली. सांगता सांगता ती वाढली. आच जास्त झाली याचं 'मुद्दाम फोडला' झालं, आणि त्याचं 'खडा बदलणार होता' झालं. कोणी विचारलं नाही की नदीतल्या गारगोटीच्या बदल्यात सोनाराला काय मिळणार? विचारायची गरजच काय! सोनार आईच्या नथीतलंही सोनं काढतो, हे आमच्याकडे पोरालाही पाठ. एका बाजूला गिरणीतला कारकून, दुसऱ्या बाजूला सोनार — निकाल आधीच लिहिलेला. या आयत्या निकालाचा मला आज संताप येतो. पण त्या दिवशी मी त्याच्याच भरवशावर 'चीर नाही' म्हणालो होतो. आणि पंगतीत व्याही ती गोष्ट सांगत असताना मी काय करत होतो? खाली बघून भात कालवत होतो. लोकांना वाटायचं, अण्णांचा स्वभाव सोशीक.

दोन वर्षांत धोंडिरामचं दुकान बंद झालं. तो जेऊरला मेहुण्याकडे गेला, बाजाराच्या दिवशी तुटक्या जोडवी-पैंजणांना डाग देऊन सांधत बसतो असं ऐकलं. ते तुकडे त्याच्याकडेच होते. कधीतरी कोणाला दाखवील म्हणून मी वर्षानुवर्षं धास्तावलो होतो. त्याने कोणालाच दाखवले नाहीत, आणि याचाही मला राग यायचा. दाखव की बाबा एकदाचे.

गेल्या पावसाळ्यात तो वारल्याचं कळलं. दिवाळीनंतर मी आगगाडीने जेऊरला गेलो. बारा रुपये, नऊ वर्षं, दरसाल दरशेकडा सहाप्रमाणे सरळव्याज सहा रुपये सात आणे आठ पै. वेगवेगळ्या दोन पुड्या बांधल्या होत्या.

त्याची बायको सगुणाबाई उंबऱ्यात शेंगा फोडत होती. मी नाव सांगितलं. तिने बसा म्हटलं नाही. आत गेली आणि कुंकवाची जुनी डबी घेऊन आली. डबीत कापसावर दोन तुकडे होते. पिवळा पट्टा तसाच.

"ह्ये अण्णाचं हाय म्हनले हुते. आले तर द्या, आपनहून नेऊन देऊ नगा."

मी विचारलं, ते त्या दिवशी गप्प का राहिले?

"पोरीच्या बापाला व्याह्यापुढं उगडं कसं पाडायचं, म्हनले. पोरगी नांदायची हाय." शेंग फोडून तिने दाणे सुपात टाकले. "मी असते तर दावलं असतं. तुमच्या व्याह्याला बी, पेठंला बी. लई भांडले मी त्यांच्यासंगं. आमाला बी दोन पोरी हुत्या की."

मी दोन्ही पुड्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि कोणती कशाची ते सांगितलं. तिने पहिली सोडून मोजली, पदरात बांधली. दुसरी बोटाने माझ्याकडे सरकवली.

"आमी काय तुमाला कर्ज दिलं न्हवतं."

तुकडे माझ्या टेबलाच्या खणात आहेत. माझी मुलगी सुखात नांदते आहे. व्याही ती गोष्ट अजून सांगतात.

दिले: सगुणाबाई धोंडिराम सोनार, जेऊर, यांस रुपये बारा. व्याज त्यांनी घेतले नाही.