चालण्यासाठी हरवलेली म्हैस

मन्नाएखेळ्ळीला हमरस्त्यावर माझं कापडाचं दुकान होतं. पंचवीस वर्षं गादीवर बसून मी असा काही पसरलो होतो, की बसमध्ये डावीकडं बसलो तर कंडक्टर उजवीकडं सहा माणसं जास्तीची कोंबायचा, मगच गाडी सरळ धावायची.

एकदा हुमनाबादच्या डॉक्टरांनी माझी लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधात उकळली. नळी विटेसारखी लाल झाली.

"साखर आहे. रोज एक मैल चाला, दर आठवड्याला अर्धा मैल वाढवा. दोन महिन्यांनीही नळी लाल राहिली तर रोज सुई."

सुईला मी इतका भितो, की शेजारच्या शिंप्याशीसुद्धा पाठ फिरवूनच बोलायचो. दुसऱ्याच सकाळी शेजारच्या निर्णा गावाच्या वाटेला लागलो.

पण आमच्याकडं धडधाकट माणूस उगीच चालत नाही. चालला तर त्याच्या घरात भांडण, नाहीतर डोक्यात बिघाड. आणि ओळखीच्या माणसाला पायी सोडून पुढं जाणं म्हणजे पाप. शंभर पावलांत बैलगाडी थांबली.

"अण्णा, कुठं जायलाव?"

"कुठंच न्हाई. चालायलोय."

"कामून? वैनी रुसल्या व्हय? बसा वर!"

नाही म्हणणं म्हणजे अपमान. बसलो. गाडीवाल्यानं घरी नेऊन गोडमिट्ट चहा पाजला, वर संसाराचा उपदेश केला. मग रोज कुणीतरी भेटेच. सायकल, ट्रॅक्टर, एकदा तर वरातीची जीप! चालायला निघून मी जेवढा बसलो, तेवढा दुकानातही बसलो नव्हतो. गावात बातमी पसरली, की मला बायकोनं हाकललं.

बायको कडाडली, "तुमची साखर उतरायला माझी अब्रू उतरवता व्हय? कायतर कारण सांगा लोकांना!"

मी हातात दावं घेतलं आणि ठोकून दिलं, की परवा बाजारात घेतलेली म्हैस घरी आणताना वाटेत सुटली. काय जादू! जनावर शोधणाऱ्याला कुणी गाडीत घेईना. मैलाचे चार मैल झाले. पण मग शेजारधर्म जागा झाला. चाळीस माणसं माझ्यामागं रान तुडवू लागली.

"म्हैस कशी हाय, अण्णा?"

"काळी."

"खूण?"

"दोन शिंगं."

एवढ्या खुणांवर आठवड्याभरानं त्यांनी खरंच एक म्हैस आणून माझ्या दारात बांधली! माझी म्हणावी तर चोरी, नाही म्हणावं तर चाळिसांची पुन्हा पायपीट. शेवटी खरं सांगून टाकलं.

गाडीवाला माझ्याकडं बघतच राहिला. "म्हंजी आमी सगळे तुमच्या पोटापायी हिंडलाव?"

"व्हय."

"मग हिचा मालक हुडका अन् तुमीच सोडून या. चालत!"

मालक निर्ण्यात निघाला. म्हैस पुढं, मी मागं. ती तीनदा चिखलात बसली, मी एकदाही नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांची नळी लाल न होता हिरवी झाली, म्हणजे साखर उतरली. "सुई राहू द्या," ते म्हणाले, "पण चालणं सोडू नका."

दुसऱ्या सकाळी मागून तीच बैलगाडी आली.

"अण्णा, आज काय हरवायलंय?"

"पोट!"

"हुडकू नका मग!" म्हणत त्यानं बैलांना आवाज दिला, आणि मला तिथंच धुळीत सोडून गाडी पुढं निघून गेली.