बयाबाईची त्रेचाळीस मेंढरं

रोज सकाळी दहिवडीतल्या आपल्या फोटोच्या दुकानाचं शटर उघडण्याआधी धनाजी रस्त्याच्या कडेला उभा राहून स्वतःभोवती एकदा सावकाश फिरायचा. चार ठिकाणी थांबायचा, डोळे बारीक करून ऊन कुठून येतंय ते बघायचा. शेजारचा चहावाला ओरडायचा, "झाली का परदक्षिणा?" धनाजी म्हणायचा, "झाली. परसाद पाठव, साखर कमी."

फिशआय लेन्स घेतल्यापासूनची ही सवय. माशाच्या डोळ्यासारखी ती फुगीर काच. तिच्यातून एका फोटोत अर्धं रान मावतं, पण वाकडं होऊन. जागच्या जागी कॅमेरा फिरवून चार फोटो काढायचे आणि मग कॉम्प्युटरवर ते असे जोडायचे, की बघणाऱ्याला आपण मधोमध उभे आहोत असं वाटावं. काढायचा धनाजी, जोडायची त्याची लेक, सोनिया.

एका शुक्रवारी धुळा मेंढका दुकानात आला. त्याची आई बयाबाई खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडली होती. तिचं बघून मेंढरांमागं फिरणं एकट्या धुळाला जमणारं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ती आटपाडीच्या बाजारात विकायला जायची होती.

"म्हातारी म्हणती, जायच्या आदी समदी एकदा माळावर बगू द्या," धुळा म्हणाला. "तिला तर उचलून न्हेता येत न्हाई, धनाजीदा. फोटूत माळ आणता येईल का?"

"माळ येईल. तू तेवढा फोटूत येऊ नगंस. कॅमेऱ्याच्या मागं ऱ्हा."

माळावर धुळा इमानदारीत मागं राहिला. कॅमेरा फिरला, की तोही फिरायचा. आणि जिकडं धुळा तिकडं मेंढरं! ती त्याच्या मागोमाग कॅमेऱ्याला वळसा घालत राहिली. हे बापलेकीच्या ध्यानात आलं ते दुकानात फोटो जोडल्यावर. त्रेचाळीसाची एकसष्ट झाली होती. एकाला दोन तोंडं, एकाचं नुसतं मागचं धड.

शनिवारी पहाटेच मेंढरं टेम्पोत चढली, त्यामुळं पुन्हा फोटो काढायचा प्रश्नच नव्हता. सोनियानं दिवसभर बसून जास्तीची मेंढरं पुसली. जिथं दोन फोटोंच्या सांध्यावर मेंढरू कापलं गेलं होतं तिथं गवत पसरलं. बरोबर त्रेचाळीस उरल्यावर हात झटकले.

रविवारी दोघं बयाबाईकडं गेली. सोनियानं टॅब तिच्या हातात दिला, बोटानं चित्र कसं फिरवायचं ते दाखवलं. माळ फिरायला लागला तशी म्हातारी हसली. मग हसू थांबलं.

"कानफाटी दोनदा हाय. आन् ठिपकी कुटं गेली?"

"आजी, त्रेचाळीस हायत. मी मोजल्यात."

"मोजून काय करू, बाई? त्यास्नी नावं हायत."

सोनियाचा चेहरा उतरला. तिला सगळी मेंढरं सारखीच दिसली होती. बाप आता चारचौघांत बोलणार, असं तिला वाटलं. धनाजीनं पिशवीतून लॅपटॉप काढला, मूळचे चार फोटो उघडले आणि खाटेशी मांडी घालून बसला.

"आजी, तुमी नावं सांगा. सोनिया लिवून घेईल."

दुपारभर नावं चालली. लंगडी, काजळी, बुटकी, धुळाच्या लग्नाच्या साली आणलेलीची नात. शेवटी तिसऱ्या फोटोच्या अगदी कडेला एक मेंढरू सापडलं, काचेच्या फुगीरपणानं घोरपडीसारखं लांब झालेलं.

"हीच की ठिपकी! पाक ताणलीया बिचारी."

"सरळ हुईल, आजी," धनाजी म्हणाला. मग लेकीकडं वळला. "सांदा सरळ रेघंतच पायजे असं कुणी सांगितलंय? वाकडा घाल. मेंढराला वळसा दे."

सोनियानं प्रत्येक जितराबाच्या कडेकडेनं सांधा फिरवला. दुसरी कानफाटी पुसली. ठिपकी तिच्या जागी, चार पायांवर उभी राहिली. बयाबाईनं पुन्हा बोट फिरवलं, एकेकीचं नाव घेत पुरा वेढा घातला आणि टॅब पोटाशी धरला.

"आली गं. समदी आली," ती म्हणाली. मग सोनियाच्या गालावरून हात फिरवत, "बानं चांगलं शिकिवलंय तुला."

खरं तर सोनिया ते नुकतंच, तिथंच बसून शिकली होती. कुणाचंही जोडकाम घेताना तिला आजही ती दुपार आठवते, आणि न रागावता मांडी घालून बसलेला बाप.

बयाबाईच्या फोटोची गोष्ट कुंडलपर्यंत गेली. तिथल्या हंबीररावांनी सरहद्दीवरच्या मुलाला पाठवायला उसाच्या रानाचा तसाच फोटो मागितला. कुंडलला जायच्या आदल्या संध्याकाळी धनाजी भाकरी खाऊन उठला. पहाटे झोपेतच त्याचं हृदय थांबलं. चूळ भरून आत जाता जाता तो सोनियाला एवढंच म्हणाला होता, "उद्या फोटू तूच काढ, मी नुस्ता स्टँड धरतो. आन् ती ब्याटरी चार्जिंगला लाव गं."